जुन्या मॉनिटरवर केबल दिसण्यासाठी स्वस्त एक्स्टर्नल टीव्ही ट्यूनर मिळेल का?

कृष्णाकाठ :

सर्वांना नमस्कार. आमच्या वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असून पुढचे दोन-अडीच महिने ते घरातल्या आतल्या खोलीतच राहणार आहेत. आप्पांना संध्याकाळच्या बातम्या आणि क्रिकेटचा सामना एवढेच लागते, परंतु नेमक्या त्याच वेळी हॉलमधल्या टीव्हीवर आईच्या आणि सौ.च्या मालिका चालू असतात. दोन-अडीच महिन्यांसाठी नवा टीव्ही घेणे मला पटत नाही. घरात १७ इंची, जवळजवळ चौकोनी एलसीडी मॉनिटर पडून आहे. त्याचा संगणक कधीच भंगारात गेला, पण पडदा अजून स्वच्छ आहे. त्याच्या मागे संगणकाचे चित्र घेणारे, निळ्या रंगाचे व्हीजीएचे एकच सॉकेट आहे, एचडीएमआय नाही आणि स्पीकरही नाहीत. संगणकाचे जुने छोटे स्पीकर मात्र वेगळे आहेत. त्या खोलीत केबलची एक जुनी वायर खिडकीच्या चौकटीवरून आलेली असून तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे.

साधारण २०१० साली पुण्यात चुलतभावाकडे मी असा एक लहानसा डबा, म्हणजे एक्स्टर्नल टीव्ही ट्यूनर, पाहिला होता. त्यात केबलची वायर पिळून बसवायची, दुसऱ्या बाजूने मॉनिटरची वायर लावायची आणि सोबतच्या रिमोटने चॅनेल बदलायचे. संगणक चालू करण्याचीही गरज नसे. तसाच एक डबा इथे साताऱ्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात ९०० रुपयांना मिळतो आहे. ‘चालू आहे’ असे दुकानदार छातीठोकपणे सांगतो, पण त्याच्याकडे केबलच नसल्यामुळे तो दाखवू शकत नाही. हा डबा आजच्या केबलवर चालेल का, आणि चालणार नसेल तर १५०० रुपयांच्या आत दुसरा कोणता घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बुधवारपेठी :

ट्यूनर म्हणून तो डबा चालणार नाही, आणि त्याच कामाचा दुसरा कोणताही डबा १५०० रुपयांतच काय, १५,००० रुपयांतही चालणार नाही. पुण्यातल्या तापकीर गल्लीत माझे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे दुकान असल्यामुळे हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कानावर येतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आपण २०१० साली पाहिलेला डबा अॅनालॉग केबलसाठी होता. त्या काळी केबलचालक प्रत्येक चॅनेल वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर, उघड्या स्वरूपात सोडत असे, त्यामुळे ज्याच्याकडे वायर आणि ट्यूनर असेल त्याला चित्र दिसत असे; मग तो ट्यूनर टीव्हीच्या पोटात असो किंवा बाहेरच्या डब्यात. पुढे केंद्र सरकारने टप्प्याटप्प्याने केबल डिजिटल केली. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत होती, आमच्या पुण्यात ३१ मार्च २०१३, आणि गावोगावचा शेवटचा टप्पा ३१ मार्च २०१७ ला संपला. या व्यवस्थेत चॅनेल नुसते डिजिटल नसतात, तर कायद्यानेच ते कुलूपबंद करून सोडावे लागतात, आणि त्यात फुकट चॅनेलही आले. त्या कुलपाची किल्ली केबलवाल्याने दिलेल्या सेट-टॉप बॉक्समध्ये असते, कधी कार्डाच्या रूपात तर कधी आतल्या चिपमध्ये, आणि ती त्या ग्राहकाच्या नावावर नोंदलेली असते. बाजारातला कोणताही ट्यूनर ती किल्ली आपल्या पोटात घेऊन येत नाही.

तेव्हा शोध ट्यूनरचा नव्हे, तर दुसऱ्या सेट-टॉप बॉक्सचा आणि त्यातले चित्र व्हीजीएवर नेणाऱ्या वस्तूचा करावा लागेल.

हौशी_कारागीर :

बुधवारपेठींच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण ‘चालणार नाही’ हे इतक्या ठामपणे म्हणणे बरोबर वाटत नाही. माझ्या मामांचे महाबळेश्वरजवळ आठ खोल्यांचे लॉज आहे. तिथे दोन खोल्यांत गेल्या दिवाळीपर्यंत असेच ट्यूनर आणि जुने मॉनिटर लावलेले मी स्वतः पाहिले आहेत. भिंतीतली केबल थेट डब्यात घातलेली होती, खोलीत सेट-टॉप बॉक्स नव्हता आणि बारा-पंधरा चॅनेल व्यवस्थित दिसत होते. डोळ्यांनी पाहिलेले खोटे कसे मानायचे? ९०० रुपयांचाच प्रश्न आहे, घेऊन टाका.

लॉजवाले_काका :

हौशी_कारागीर यांनी पाहिले ते खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. मी स्वतः लॉज चालवतो, म्हणून पडद्यामागे काय असते ते सांगतो. लॉजच्या मागच्या खोलीत, बहुधा इन्व्हर्टरशेजारी, जितके चॅनेल दाखवायचे तितके सेट-टॉप बॉक्स एका मांडणीवर रचलेले असतात आणि प्रत्येक बॉक्स एकेका चॅनेलवर कायमचा लावून ठेवलेला असतो. त्या प्रत्येकाचे चित्र आणि आवाज मॉड्युलेटर नावाच्या यंत्रातून पुन्हा जुन्या अॅनालॉग पद्धतीच्या एकेका चॅनेलवर चढवतात आणि सगळे एकत्र करून एकाच वायरीतून खोल्याखोल्यांत सोडतात. खोलीतल्या ट्यूनरला वाटते, अजून २०१० सालच चालू आहे. मामांकडे बारा-पंधरा चॅनेल दिसत होते, कारण मागे बारा-पंधरा बॉक्स होते.

हीच युक्ती घरात लहान प्रमाणावर करता येते. हॉलमधल्या बॉक्सच्या एव्ही आउटपुटला (पिवळ्या-पांढऱ्या-लाल सॉकेटना) एक साधा मॉड्युलेटर लावला, तर ते चित्र एका अॅनालॉग चॅनेलवर बसते आणि आतल्या खोलीपर्यंत असलेल्या वायरीतून ९०० रुपयांच्या डब्यापर्यंत पोहोचते. मात्र त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे हॉलमध्ये जे चालू असेल तेच आत दिसेल, त्यामुळे आप्पांना मालिकाच पाहाव्या लागतील. दुसरी अधिक महत्त्वाची : मॉड्युलेटरकडून आत जाणारी वायर केबलवाल्याच्या वायरीपासून पूर्णपणे तोडलेली असली पाहिजे. ती स्प्लिटरमधून (एका वायरीच्या दोन वायरी करणाऱ्या जोडातून) जोडलेली राहिली, तर आपला सिग्नल उलटा त्याच्या जाळ्यात शिरतो, शेजाऱ्यांची चित्रे फुटायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत केबलवाला आपल्या दारात उभा राहतो. हे मी स्वानुभवाने लिहीत आहे.

कृष्णाकाठ :

तिघांचेही मनापासून आभार. मालिकांचा पर्याय आप्पांना सांगितला. त्यांनी फक्त चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

काल एक प्रयोग केला. शेजारच्या काकूंकडचा जुना चौदा इंची, फुगीर पडद्याचा टीव्ही आतल्या खोलीत आणला, वायरीच्या टोकावरची चिकटपट्टी काढली आणि ऑटो सर्च लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे मुंग्याच मुंग्या दिसल्या आणि एकही चित्र थांबले नाही. म्हणजे आमची केबल पूर्ण डिजिटल झालेली आहे असेच ना? भाच्याचे म्हणणे वेगळेच आहे. तो म्हणतो, की पेन ड्राइव्हसारखा डिजिटल यूएसबी ट्यूनर ऑनलाइन हजार-बाराशेला मिळतो, तो लॅपटॉपला लावावा आणि लॅपटॉप मॉनिटरला जोडावा. डिजिटलला डिजिटल, मग अडचण कुठे येते, हा त्याचा प्रश्न मलाही बिनतोड वाटला.

सोल्डरगन :

आपण केलेली चाचणी उत्तम आहे. जुन्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या म्हणजे वायरीत अॅनालॉग चॅनेल नाहीत. एक शंका तेवढी दूर करून घ्यावी. इतकी वर्षे चिकटपट्टीत गुंडाळलेल्या वायरीचे टोक बहुधा काळे पडलेले असते, आणि कधी कधी बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा तार मधल्या तांब्याच्या तारेला टेकून सगळा सिग्नल गिळतो. म्हणून टोक बोटभर कापून नवी पिन बसवावी आणि हॉलमधला सेट-टॉप बॉक्सच तात्पुरता आत नेऊन लावून पाहावा. त्यावर चित्र आले, तर वायर ठणठणीत आहे. स्प्लिटर लागणार असेल तर दोन तोंडांचाच वापरावा, कारण दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला साडेतीन-चार डेसिबल तूट येते आणि चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये ती जवळजवळ दुप्पट होते. अॅनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की चित्र फक्त थोडे दाणेदार होत असे. डिजिटलमध्ये ते एका मर्यादेपर्यंत उत्तम राहते आणि मग एकदम चौकोन-चौकोन होऊन गोठते.

आता भाच्याचा प्रश्न. ‘डिजिटल’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या पद्धतींसाठी वापरला जातो, त्यामुळे हा घोटाळा होतो. अँटेनावर हवेतून येणाऱ्या प्रक्षेपणाची पद्धत डीव्हीबी-टी किंवा तिची पुढची आवृत्ती टी-टू, छत्रीवर उपग्रहातून येणाऱ्याची डीव्हीबी-एस किंवा एस-टू, आणि केबलमधून येणाऱ्याची डीव्हीबी-सी. ऑनलाइन मिळणारे बहुतेक स्वस्त यूएसबी ट्यूनर डीव्हीबी-टीचे असतात, आणि त्यांना केबल लावली तर ते तासभर शोधूनही काहीच आणत नाहीत. डीव्हीबी-सी समजणारेही काही ट्यूनर असतात. त्यांच्यावर चॅनेलांची नावे रांगेत उमटतात, सगळे जमले असे वाटून मन हरखते, आणि कोणतेही नाव दाबले की काळा पडदा येतो. हेच ते बुधवारपेठींनी सांगितलेले कुलूप.

सातासमुद्रापार :

अमेरिकेतील एखादे नातेवाईक ‘आमच्याकडून ट्यूनर पाठवतो’ असे म्हणत असतील, तर कृपया नम्रपणे नकार द्यावा. मी स्वतः २०११ साली न्यू जर्सीहून कोल्हापूरला एक ट्यूनर सामानातून नेला होता. तो इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, एनटीएससी या अॅनालॉग पद्धतीचा होता. भारतात पाल ही वेगळी पद्धत असल्यामुळे आवाज नाही, रंग नाही आणि चित्र वर-वर सरकत राहिलेले, असा तो प्रकार झाला. डिजिटल ट्यूनरचेही तेच आहे, कारण इथल्या केबलची डिजिटल पद्धत भारतातल्या पद्धतीहून वेगळी आहे. इथेही पूर्वी भिंतीतली केबल थेट ट्यूनरला लावून निदान स्थानिक चॅनेल पाहता येत असत, परंतु ऑक्टोबर २०१२ मध्ये पूर्णपणे डिजिटल झालेल्या केबल कंपन्यांना तेही कुलूपबंद करण्याची परवानगी मिळाली आणि बहुतेक ठिकाणी तो मार्ग संपला.

बुधवारपेठी :

दुसऱ्या बॉक्सच्या खर्चाबद्दल लिहायचे राहिले होते. एकाच घरात दुसऱ्या टीव्हीसाठी जोडणी घेतली, तर नेटवर्क क्षमता शुल्क (चॅनेलांच्या किमतीशिवाय जोडणीसाठी दरमहा द्यावे लागणारे शुल्क) पहिल्या जोडणीच्या ४० टक्क्यांहून जास्त आकारू नये, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० साली केला होता. २०२४ मध्ये या शुल्कावरची कमाल मर्यादा काढण्यात आली, त्यामुळे आता आपल्या केबलवाल्याला नीट विचारूनच ठरवावे. मात्र दुसऱ्या जोडणीसाठी सवलतीचा दर आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण विचारल्याशिवाय तो सहसा सांगत नाही. आप्पांना फक्त बातम्या आणि क्रिकेट हवे असल्यामुळे दुसऱ्या बॉक्सवर तेवढेच चॅनेल घेता येतील. जोडणी फक्त दोन-अडीच महिन्यांसाठी आहे, म्हणून बॉक्स परत करण्याच्या अटी आणि अनामत रक्कम पावतीवर लिहून घ्यावी.

आता चित्र मॉनिटरवर नेण्याविषयी. इथे तीन चुका हमखास होतात. एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल अशी नुसती वायर शंभर-दीडशेला मिळते, ती घेऊ नये. सेट-टॉप बॉक्सच्या पिवळ्या सॉकेटमधून येणाऱ्या चित्राच्या ओळी सेकंदाला १५,६२५ या गतीने आखल्या जातात, तर संगणकाच्या मॉनिटरला त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण ३१ हजारांपासून पुढची गती लागते. मधे यंत्र असल्याशिवाय कोणतीही वायर हे रूपांतर करू शकत नाही. दुसरी चूक दिशेची. ‘एव्ही टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एव्ही’ हे दोन कन्व्हर्टर डबे दिसायला जुळे भाऊ असतात आणि गर्दीच्या वेळी आम्ही दुकानदारसुद्धा चुकीचा हातात देतो, म्हणून डब्यावरचे ‘इन’ आणि ‘आउट’ हे शब्द स्वतः वाचून घ्यावेत. तिसरी चूक एचडीएमआय बॉक्सची. एचडीएमआय ते व्हीजीए अशी छोटी शेपटी स्वस्त असते, पण ती चित्राचा आकार बदलत नाही. बॉक्स १०८० रिझोल्यूशनवर लावलेला असेल तर जुना चौकोनी मॉनिटर ‘आउट ऑफ रेंज’ म्हणून गप्प बसतो, आणि मेनूच दिसत नसल्यामुळे सेटिंग बदलता येत नाही. अशा वेळी बॉक्स आधी हॉलच्या टीव्हीला लावून ७२० वर आणावा लागतो.

सोल्डरगन :

बुधवारपेठींच्या वरील प्रतिसादाला एक पुस्ती जोडतो, आणि तिच्यामुळे मूळ प्रश्न पुन्हा पहिल्या जागी येईल. कृष्णाकाठ, आपण दुकानात पाहिलेल्या त्या ९०० रुपयांच्या डब्याच्या मागच्या बाजूला केबलच्या गोल सॉकेटशिवाय आणखी काय आहे, ते पाहून सांगाल का? माझ्या आठवणीप्रमाणे त्या काळच्या अशा बहुतेक डब्यांना डीव्हीडी प्लेअर जोडण्यासाठी एव्ही इनपुट दिलेले असे. तसे असेल तर त्यातला ट्यूनर निरुपयोगी असला तरी एव्हीचे व्हीजीए करणारा भाग जसाच्या तसा उपयोगी आहे, शिवाय रिमोट आणि स्पीकरला आवाज देणारे सॉकेट हे वरकड. नुसत्या कन्व्हर्टरला सहसा आवाजाची सोय नसते आणि रिमोटही नसतो.

बुधवारपेठी :

सोल्डरगन यांचे म्हणणे अगदी योग्य आहे, आणि हे माझ्या लक्षात यायला हवे होते. इतकी वर्षे तेच डबे विकले, पण ‘ट्यूनर’ हे नाव इतके डोक्यात बसले होते की मागचे पिवळे सॉकेट विसरलो. फक्त दुकानात मॉनिटर आणि डीव्हीडी प्लेअर नेऊन तिथेच लावून पाहावे, कारण अशा डब्यांचे अॅडॉप्टर आधी जातात, आणि मग दुकानदार हाताला येईल तो अॅडॉप्टर जोडून देतो. डब्यावर छापलेले व्होल्ट आणि अॅडॉप्टरवरचे व्होल्ट एकच आहेत ना, आणि पिनची अधिक-उणे बाजूही जुळते ना, एवढे पाहावे.

कृष्णाकाठ :

उशिराने लिहीत आहे, क्षमस्व. डब्याच्या मागे पिवळे, पांढरे आणि लाल अशी तिन्ही सॉकेट होती. मॉनिटर पिशवीत घालून स्कूटरवरून दुकानात नेला, दुकानदाराच्याच डीव्हीडी प्लेअरवर चित्र पाहिले आणि अॅडॉप्टरचे व्होल्ट वाचून, घासाघीस करून ७५० ला डबा घेतला. केबलवाल्याकडून दुसरा बॉक्स अनामत भरून आणला. त्याने सवलतीचा दर खरोखरच विचारल्यावरच सांगितला. वायरीचे टोक कापून नवी पिन बसवली, आणि कापलेल्या तुकड्यात तांब्याची तार हिरवी पडलेली निघाली.

पहिल्या संध्याकाळी एक अडचण आली. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा दुधी भोपळ्यासारखा लांब दिसत होता आणि आप्पांनी ‘हिला काय झाले’ असे दोनदा विचारले. बॉक्सच्या मेनूत १६:९ च्या जागी ४:३ लेटरबॉक्स असे केल्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि बाई पूर्ववत झाल्या. बातम्यांच्या खालची बारीक अक्षरे मात्र जरा पुसट दिसतात. त्यावर काही उपाय आहे का?

सोल्डरगन :

पिवळ्या वायरीतून येणारे चित्र तेवढेच असते, त्यामुळे ती अक्षरे फारशी सुधारणार नाहीत. डब्याच्या मेनूत रिझोल्यूशन १२८० बाय १०२४ ठेवून पाहावे, कारण आपल्या चौकोनी मॉनिटरचे स्वतःचे ठिपके बहुधा तेवढेच असतील आणि त्याखालच्या सेटिंगवर चित्र दोनदा ताणले जाते. मॉनिटरची शार्पनेस एक-दोन पायऱ्या कमी केल्यास अक्षरांभोवतीची पांढरी कडाही जाईल.

कृष्णाकाठ :

डबा १०२४ बाय ७६८ वर होता. १२८० बाय १०२४ केल्यावर धावत्या पट्टीतल्या बातम्या वाचता येऊ लागल्या. आता आप्पा त्या मोठ्याने वाचून दाखवतात, आणि हॉलमधून मालिकेचा आवाज वाढवला जातो.